खालून आलेलं ऊन

डांबऱ्याला ऊन लागलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर रुंद टोपी होती, टोपीखाली ओला रुमाल होता आणि अंगात लांब बाह्यांचा सुती सदरा होता. उघड्याबोडक्या माणसाला ऊन लागलं तर त्यात नवल नाही. पण ज्याचा सगळा जन्म उन्हात गेला, त्यानं एवढा जामानिमा करूनही भाजून निघावं, म्हणजे ऊन तरी बेरकी म्हणायचं नाहीतर माणूस तरी भोळा.

खरं म्हणजे यातलं काहीच नव्हतं. सगळी करणी छपराची होती.

छपरं गळू नयेत म्हणून त्यांच्यावर डांबराची चादर चिकटवायची, हे डांबऱ्याच्या टोळीचं काम. त्याचं खरं नाव बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं, बाकी जगासाठी तो डांबऱ्याच. चादरीची गुंडाळी हळूहळू उलगडायची, तिच्या पोटाला गॅसच्या बत्तीची ज्योत दाखवायची, डांबर पाघळलं की गुडघ्यांवर बसून दाबत दाबत सरकायचं. आजवर या चादरी काळ्याकुट्ट असायच्या. त्या दिवशी मात्र गोदामाच्या लांबरुंद छपरासाठी पहिल्यांदाच चंदेरी चादर आली. खाली तेच डांबर, पण वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा. गोदामवाल्याला आतला माल थंड ठेवायचा होता. ऊन छपरात मुरू द्यायचं नाही, आल्या वाटेनं परत पाठवायचं, अशी त्यातली युक्ती.

परत पाठवलेलं ऊन जातं कुठे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. त्याच्या वाटेत गुडघे टेकून बसलेली ही टोळीच तेवढी होती.

उलट सगळे खूश होते. काळी चादर दुपारपर्यंत तव्यासारखी तापते, बुटाचे तळ मऊ पडतात. ही त्या मानानं बरीच सोसवत होती. वाराही सुटला होता. तो अंगाला लागावा म्हणून डांबऱ्यानं सदऱ्याची वरची बटणं सोडली, मग आणखी सोडली. ऊन वरून येतं आणि वरचा बंदोबस्त चोख आहे, असा त्याचा साधा हिशोब. दिवसभर तो त्या चकचकीत चादरीवर ओणवा राहिला, मान खाली आणि छाती उघडी.

"उद्या सकाळी मी नाही हं," दुपारी सावलीत पाणी पिताना तो मुकादमाला म्हणाला.

"का रे बाबा? कुणाचं लग्न?"

"पोरीला घ्यायला जायचंय. छातीवर."

मुकादमाला काही उमगलं नाही, म्हणून डांबऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. मुलगी वेळेच्या बरीच आधी झालेली, साखरेच्या पुड्यापेक्षा थोडी जड. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. अशा बाळाला रोज पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, कातडीला कातडी लावून. त्यानं बाळाला ऊब मिळते, श्वास लयीत येतो, वजन वाढतं. बायको रोज जात होती. पण तिला सर्दी-खोकल्यानं गाठलं आणि वॉर्डच्या सिस्टरनी तिला दारातूनच परत फिरवलं. खोकला जाईपर्यंत आईनं यायचं नाही, तोवर बाबांना पाठवा.

"आणि बाबा जाणार!" मुकादम खदखदून हसला. "ऐका रे, आपला डांबऱ्या कांगारू झाला! पोटाला पिशवी शिवून घे, चादर उरलीय थोडी."

"चंदेरी पिशवी," दुसरा म्हणाला. "पोर लांबूनच दिसेल."

डांबऱ्याही हसला. त्याला ते आवडलं होतं. गेले काही दिवस त्यानं हे जाणं टाळलं होतं. एकदा कामाचं निमित्त, एकदा कपड्यांना डांबराचा वास येतो म्हणून, एकदा काहीच नाही, नुसतं "बघू". आदल्या संध्याकाळी त्यानं एकदाचं "जातो" म्हटलं, आणि तोंडातून शब्द गेल्यापासून त्याची छाती दोन बोटं फुगली होती. नेमकी तीच छाती त्या क्षणी भाजत होती.

भाजल्याची बातमी अंगाला उशिरा पोचते. घरी येईपर्यंत नुसतं कोमट कोमट वाटत होतं. अंघोळीला अंगावर पाणी घेतलं आणि तो असा ओरडला की बाहेर सासूबाईंच्या हातातली चाळण पडली.

आरशात बघितलं तर चेहऱ्याचा वरचा भाग जसाच्या तसा. पण हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या पाळ्यांखाली, गळ्यावर आणि छातीवर लालबुंद. कोणीतरी खाली जाळ करून त्याला वर टांगून ठेवावं, तसं.

"अगं बाई!" लेकीच्या बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या सासूबाई त्याला बघून म्हणाल्या. "जावईबापू, हे काय? दिवसभर उलटे लटकला होतात की काय?"

"ऊन लागलंय वाटतं."

"हनुवटीखाली? ऊन काय जमिनीतून उगवलं?"

उत्तराची वाट न बघता त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दह्याचं भांडं घेऊन आल्या. जावयाच्या बाबतीत त्यांचा हात सैल होता. अर्धं भांडं त्यांनी त्याच्या छातीवर पसरलं. पहिला क्षण स्वर्गीय होता. डांबऱ्यानं डोळे मिटले. मग दही सुकायला लागलं, कातडी ओढायला लागली, आणि खिडकीतून शेजारचं मांजर त्याच्याकडे नव्यानं ओळख झाल्यासारखं बघायला लागलं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. खोकला नवऱ्याला लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेली बायको उंबऱ्यातच थांबली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलांच्या हातून काय सांडेल, काय फुटेल आणि कोण काय चाखून बघेल, याच्यावर लक्ष ठेवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग दह्याकडे बघितलं.

"उद्या जायचंय ना तुला?"

"हो."

"सिस्टर काय म्हणाल्या होत्या? छातीला काही लावून यायचं नाही. पावडर नाही, अत्तर नाही, मलम नाही. तिचं तोंड तिथेच टेकणार असतं."

"आईंनी लावलं," डांबऱ्या पुटपुटला.

"माझ्यावर ढकला आता," सासूबाई म्हणाल्या. "मी बापडी चांगलं करायला गेले."

"आई, तू थांब जरा." बायकोचा आवाज खोकल्यानं फाटला होता, पण तेवढंच कारण नव्हतं. "इतकी वर्षं छपरावर जातोस. कधी असा भाजलास? आणि आजच? उद्या जायचं तर आजच?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. तुला जायचंच नव्हतं. आता जावं लागणार नाही. झालं."

ती आत गेली आणि दार लोटलं गेलं. आदळलं असतं तर बरं, असं डांबऱ्याला वाटलं. आदळलेल्या दारावर निदान रागावता येतं.

तो मोरीत गेला आणि दही धुऊन काढू लागला. छातीपेक्षा आत काहीतरी जास्त हुळहुळत होतं. बायको खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. परवापर्यंत त्याला जायचं नव्हतंच. पेटीच्या काचेबाहेर तो तासन्‌तास उभा राहिला होता, पण सिस्टरनी "हात घाला आत" म्हटलं की त्याला पार्किंगमधली गाडी आठवायची. पोर एवढीशी होती. तिच्या पोटाची कातडी श्वासागणिक आत ओढली जाताना दिसायची. आपण धरलं आणि तेवढ्यात ती श्वास घ्यायला विसरली, तर? हे कोणाला सांगणार? छपराच्या अगदी कडेला बसून भाकरी खाणारा माणूस आपल्या पोरीला घाबरतो, हे सांगण्यासारखं होतं का?

सासूबाईंना मात्र स्वस्थ बसवेना. त्यांनी समोरच्या काकूंना हाक मारली. काकू आल्या त्या टूथपेस्टची नळी घेऊनच.

"ही लावा. झोंबेल, पण गार पडेल. आमचे हे नेहमी लावतात."

"कशाला?"

"कशालाही."

लोटलेल्या दाराआडून बायकोचा आवाज आला. "बाळाच्या तोंडात गेलं तर चालेल?"

काकूंनी नळीवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि नळी पदराआड लपवली. मग सासूबाईंना लोणी आठवलं.

"लोणी तर चालेल की बाळाला!"

"तापलेल्या तव्यावर झाकण ठेवल्यासारखं होईल ते. आतली उष्णता आतच राहील. नको."

बटाट्याचा कीस? कच्चा आहे, नको. कोरफड? काकूंच्या कुंडीत होती, पण तिच्यावर परवाच कीड मारायचं औषध फवारलेलं. चहाचं गार पाणी? त्याचे डाग पडतील आणि सिस्टर विचारतील हे काय. एकेक उपाय दारापर्यंत जायचा आणि त्याच एका प्रश्नाला आपटून परत यायचा. डांबऱ्या उघड्या अंगानं मध्ये स्टुलावर बसून राहिला, दुकानात न खपलेल्या मालासारखा. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दार लोटून बसलेली बायको प्रत्येक उपायाचा विचार करत होती. ज्याला जायचंच नाही, त्याच्या छातीची एवढी चौकशी कोण करतं?

इतक्यात फोन वाजला. मुकादम होता. डांबऱ्याच्या हातांना पाणी लागलेलं, म्हणून त्यानं कोपरानं बटण दाबून फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काय रे कांगारू, तुझं पण भाजलं का?"

"भाजलं ना. तुमचं?"

"अरे, हनुवटीखालून सोलून काढल्यासारखं झालंय! सगळ्यांचं तेच. मेव्हण्यानं सांगितलं व्हिनेगर लाव. लावलं. आता अंगणात नाचतोय, बायको म्हणते व्हिडिओ काढते."

"ते नका लावू. धुऊन टाका लगेच."

"धुतलं रे. पण तुझं काय? दिवसभर आमचं डोकं खाल्लंस, पोरगी अशी धरायची, मान अशी ठेवायची, श्वास असा बघायचा. दोन-दोनदा सांगितलंस. आता उद्या काय करणार?"

डांबऱ्यानं लोटलेल्या दाराकडे बघितलं. दाराच्या फटीत फडकं बांधलेला चेहरा होता.

"बघतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

"सगळ्यांना सांगितलंस?" बायकोनं विचारलं.

"सहज. पाणी पिताना."

"दोन-दोनदा?"

"मुकादमाला एकदा सांगून कळत नाही."

ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूलाच खाली बसली. मग डांबऱ्या स्टुलावरून तिच्याकडे न बघता बोलला. "मी भीत होतो. अजून भीतो. पण काल जातो म्हटलं ते जायचं म्हणूनच म्हटलं. हे ऊन मी मागवलं नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "आता माहितीये."

काकूंना अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं आणि त्या निघून गेल्या.

"कसलं होतं छप्पर?" बायकोनं विचारलं, तो चंदेरी चादरीबद्दल सांगायला लागला आणि तिनं कपाळाला हात लावला. "आरसा अंथरलात आणि त्याच्यावर छाती उघडी टाकून बसलात! टोपी खालून घालायला हवी होती."

"तेव्हा कोण सांगायला होतं?"

"बरं. आई, एक जुनं मऊ कापड दे. धुतलेलं. आणि माठातलं पाणी, बर्फाचं नाही."

"नुसतं पाणी?" सासूबाईंचा उपायांवरचा विश्वास डळमळला. "पाण्यानं काय होतंय?"

"भाजलेलं अंग उष्णता सोडत राहतं. ओलं कापड ती ओढून घेतं, वाळतं, पुन्हा भिजवायचं. वास नाही, डाग नाही, बाळाला चालतं. आणि तेवढंच पाणी पोटात. फोड आला तर फोडायचा नाही. बाकीचं काम कातडी करते, तिला फक्त छळायचं नाही."

बायको उंबऱ्याच्या आत बसून सूचना देत राहिली आणि सासूबाई कापड भिजवत राहिल्या. पहिल्यांदा "नुसतं पाणी, नुसतं पाणी" असं पुटपुटत, मग जावयाच्या खांद्यांची ताठर कमान हळूहळू उतरताना बघून गप्प होत. कापड कोमट झालं की ते त्यांना हातालाच कळायचं. "तापलं हो," म्हणत त्या ते पुन्हा पिळायच्या.

सकाळी डांबऱ्या दवाखान्यात गेला. वॉर्डच्या सिस्टर ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि सगळ्या बापांना एकाच नावानं हाक मारणाऱ्या.

"या बाबा. शेवटी उगवलात. शर्ट काढा."

त्यानं शर्ट काढला. सिस्टरनी चष्मा वर सरकवला.

"हे काय केलंत?"

"छपरानं केलं."

त्यांनी हाताची मागची बाजू त्याच्या छातीला क्षणभर लावली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्या. "काय लावलंय?"

"पाणी. फक्त पाणी. शपथ."

"शहाणे आहात. रोज कुणीतरी मोहरीचं तेल नाहीतर टूथपेस्ट चोपडून येतं." तरीही त्यांनी मान हलवली. "पण आज नाही, बाबा. अंग अजून तापलेलं आहे, इथे गळ्याखाली पाणी भरलेला बारीक फोड आहे. तिला ऊब हवी, भट्टी नको. निवू दे. मग बघू."

डांबऱ्यानं शर्ट पुन्हा घातला. परत कसं जायचं, बायकोला काय सांगायचं, हे मनात जुळवत तो दाराकडे वळला. आणि त्याच्या लक्षात आलं की कालपरवापर्यंत हेच ऐकून त्याला हायसं वाटलं असतं. आज ते वाटलं नाही. तो तसाच उभा राहिला.

"सिस्टर, दुसरं काही करता येणार नाही? मी सुट्टी घेऊन आलोय."

सिस्टरनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "छाती भाजली. हात भाजलेत?"

"नाही. हातमोजे होते."

"मग धुवा. कोपरापर्यंत. मी थांबा म्हणेपर्यंत."

काचेच्या पेटीला दोन गोल खिडक्या होत्या. सिस्टरनी दोन्ही उघडल्या. आत ती हातपाय झाडत होती. कशावर रागावली होती कोण जाणे. "एक हात डोक्यावरून. दुसरा पायांच्या खालून, पाय पोटाशी येतील असा. थोपटायचं नाही, चोळायचं नाही. तिला कळू दे की इथे भिंत आहे, आपण सांडणार नाही. बस, एवढंच."

डांबऱ्यानं हात ठेवले. डोकं त्याच्या तळव्यात मावलं आणि वर जागा उरली. पायांनी एकदा, दोनदा ढुसण्या दिल्या. ढुसणीला जोर होता. इतका जोर असेल हे काचेबाहेरून कधी कळलंच नव्हतं. मग पाय थबकले. मुठी सैल पडल्या. पेटीशेजारच्या मॉनिटरवरचा ठोक्यांचा उड्या मारणारा आकडा चालीवर आला.

नेमक्या त्याच वेळी डांबऱ्याच्या हनुवटीखाली अशी काही खाज सुटली की बोलायची सोय नाही. भाजलेल्या कातडीची खाज म्हणजे मुंग्यांचं वारूळ. हात काढता येईना. त्यानं हनुवटी खांद्याला घासून बघितली, ती आणखी पेटली. डोळ्यांत पाणी आलं.

"रडताय का बाबा?" सिस्टरनी विचारलं.

"खाज सुटलीय."

"सगळे बाबा काहीतरी सांगतातच," म्हणत त्या पुढच्या पेटीकडे गेल्या.

तो रोज जात राहिला. मुकादमानं त्याला छपरावर न नेता खाली सावलीत चादरी कापायला बसवलं. वर गेलेली बाकीची टोळी आता गळ्यापर्यंत बटणं लावून आणि हनुवटीखाली रुमाल बांधून काम करायची. दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसते, असं गोदामाचा रखवालदार म्हणायचा. फोड आपोआप बसला. छातीची लाली तपकिरी झाली, मग पापुद्रे सुटायला लागले. ते ओढायचा मोह व्हायचा, तेव्हा सासूबाई लांबूनच "अं हं!" करायच्या. नुसत्या पाण्याच्या त्या आता पक्क्या भक्त झाल्या होत्या, काकूंच्या गुडघेदुखीलाही त्यांनी तेच सुचवलं.

एका दुपारी सिस्टरनी त्याच्या छातीला हात लावला आणि हात तिथेच ठेवला. "निवलात. ओलं नाही, फुटलेलं नाही. वरच्या पापुद्र्यांवर मऊ कापड ठेवू आणि तिला जरा खाली घेऊ. बसा."

त्या दिवशी बायकोही आली होती. खोकला गेला होता, पण सिस्टरनी आणखी एक दिवस वाट बघायला सांगितली, म्हणून ती काचेच्या दाराबाहेर होती. बाकावर बसवेना, म्हणून उभी.

आरामखुर्चीत मागे रेलून डांबऱ्या बसला. सिस्टरनी नाकातली नळी सांभाळत ती एवढीशी जिवंत पुडी उचलली आणि त्याच्या उघड्या अंगावर पालथी ठेवली. एक गाल त्याच्या बरगडीला लागला. वरून कापड पडलं. हात कसे ठेवायचे ते आता त्याला सांगावं लागलं नाही.

तो इतका स्तब्ध बसला की बाहेर बायकोला शंका आली. तिनं काचेवर टकटक केलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं श्वास घेऊन दाखवला. मग सोडून दाखवला. अरे, श्वास घे, श्वास!

डांबऱ्यानं घेतला. छातीबरोबर पोर वर गेली, खाली आली. तिला बहुधा ते पसंत पडलं, कारण तिनं एक लांब सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले. पापुद्र्यांच्या कडेला थोडं हुळहुळत होतं. कुठेतरी दुखतही असेल, पण ते शोधायला जायला त्याला सवड नव्हती.

बऱ्याच वेळानं सिस्टर येऊन घड्याळ बघून गेल्या. त्याचा डावा पाय पार बधिर झाला होता. त्यानं काचेबाहेर बघितलं आणि हलकेच मान हलवली. एवढ्यात नाही.

बायकोनं ते बघितलं. मग तिनं चपला काढल्या, बाकावर मांडी घातली आणि भिंतीला पाठ टेकून आरामात बसली.